हवामानाचा वायदा : लिहितो कोण, फेडतो कोण?

गेल्या वर्षी आमच्या पेढीवर एक कागद आला. आमच्याकडून ग्रे कापड घेणाऱ्या एका प्रोसेस हाऊसने तो पाठवला होता. ताग्याची लांबी, पन्हा, सुताचा नंबर हे नेहमीचे रकाने होतेच. पण खाली एक नवा रकाना होता : या मालाला वीज किती लागली आणि ती कोठून घेतली? आमच्या मुनीमजींनी तो कोरा ठेवून कागद पाठवून दिला. आठ दिवसांनी 'भरून पाठवा' असा शेरा घेऊन तो परत आला. भरणार काय? ज्या मागवाल्यांकडून आम्ही कापड विणून घेतो, त्यांच्यापैकी एकाकडेही असा हिशेब नव्हता.

हा रकाना आला कोठून, याचा माग काढत आम्ही थेट पॅरिसच्या करारापर्यंत जाऊन पोहोचलो. जे समजले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आपली हुंडी आपणच लिहायची

कोळसा आणि तेल जाळल्याने हवा तापते, म्हणून १९९२ साली जगातील देशांनी रिओ येथे पहिला करार केला. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना धूर कमी करण्याचे आकडे बांधून देण्यात आले. अमेरिकेने तो करार मंजूरच केला नाही आणि कॅनडाने २०११ मध्ये अंग काढून घेतले. वरून लादलेला आकडा कोणी पाळत नाही, हा धडा मिळाला.

म्हणून १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये रीत बदलली. प्रत्येक देशाने आपल्या ऐपतीप्रमाणे स्वतःच आकडा लिहून द्यायचा, दर पाच वर्षांनी नवा द्यायचा, आणि नवा वायदा जुन्यापेक्षा पुढचा असायचा. व्यापाऱ्याच्या भाषेत ही मुदती हुंडी झाली. फरक एवढाच, की ती वटली नाही तर दावा लावायला कोर्ट नाही आणि धरायला जामीन नाही.

परिणाम दिसतोच. अमेरिका २०२० मध्ये करारातून बाहेर गेली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. २०३५ पर्यंतचे नवे वायदे देण्याची तारीख १० फेब्रुवारी २०२५ होती. बहुतेक देशांनी ती चुकवली. पैशाचेही तसेच. गरीब देशांसाठी २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत देश २००९ साली कोपनहेगनला म्हणाले. ती रक्कम २०२२ साली पुरी झाली, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता.

ज्याच्या घरी हिशेबनीस आहे

मग वायदा पाळला जातो तरी कसा? ब्रिटनचे उदाहरण पाहू. तेथे २००८ साली कायदाच झाला. त्यात दर पाच वर्षांसाठी धुराचे अंदाजपत्रक बांधायचे आणि सरकारबाहेरच्या समितीने त्याची तपासणी करून दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवायचा, अशी तरतूद आहे. सरकारची योजना कागदावर ढिली निघाली, तेव्हा जुलै २०२२ मध्ये तेथील हायकोर्टाने ती नीट लिहून आणण्यास सांगितले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीज केंद्र बंद झाले. बाहेरचे कोर्ट नसले तरी घरचा हिशेबनीस कडक असेल तर काम होते, एवढे यावरून दिसते.

आपल्या देशाचा आकडा

भारताने आपला पहिला वायदा २ ऑक्टोबर २०१५ रोजी दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वाढवला. २०३० पर्यंत वीज केंद्रांच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेलाशिवायची असेल, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे निघणारा धूर २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी असेल, असे त्यात म्हटले आहे.

हे दोन्ही आकडे नीट समजून घेतले पाहिजेत. रुपयामागे धूर म्हणजे मीटरमागे वीज समजा. कापड दुप्पट निघाले तर एकूण वीज वाढेल, पण मीटरमागची कमी होऊ शकते. २००५ ते २०२० या काळात देशाने हे प्रमाण ३६ टक्क्यांनी उतरवले आहे. निम्म्या क्षमतेचा वायदा तर २०२५ मध्ये, पाच वर्षे आधीच पुरा झाला. परंतु माग किती बसवले हा एक आकडा आणि कापड किती निघाले हा दुसरा. सौर केंद्र दिवसाच चालते. त्यामुळे प्रत्यक्ष विजेत सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे.

मोठ्यांची वही, धाकट्यांचा माग

दिल्लीत लिहिलेला आकडा कारखान्यात कसा उतरतो? २०१२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ४७८ मोठ्या कारखान्यांना विजेची आणि इंधनाची मर्यादा ठरवून दिली. त्यात कापड गिरण्याही होत्या. मर्यादेपेक्षा जास्त बचत केली त्याला प्रमाणपत्र मिळाले, ज्याची कमी पडली त्याने ते विकत घ्यायचे. २०२३ मध्ये हाच विचार पुढे नेऊन कार्बनच्या खरेदी-विक्रीची योजना जाहीर झाली, आणि कापडधंदा तिच्याही यादीत आहे.

पण या वहीत नाव यायला कापड गिरणी वर्षाला ३००० टन तेलाइतकी ऊर्जा वापरणारी हवी. भिवंडी-मालेगावचा बारा किंवा चोवीस मागांचा कारखाना त्यात कोठे बसणार? त्याला मर्यादा नाही, तसेच प्रमाणपत्रही नाही. मात्र मोठी गिरणी आणि परदेशी खरेदीदार आपला हिशेब पुरा करण्यासाठी प्रश्न त्यालाच विचारतात. रकाना आला तो असा.

लहानांसाठी काहीच झाले नाही, असे नाही. २०१७ मध्ये 'साथी' योजना आली. साध्या मागाच्या जागी रॅपिअर माग, सुरुवातीला रोख न देता, चार-पाच वर्षांच्या हप्त्यांनी. इचलकरंजी, सुरत, इरोड येथे प्रायोगिक तत्त्वावर. विचार बरोबर होता. पण ज्याचा गाळा भाड्याचा आणि छप्पर दुसऱ्याचे, तो हप्त्याची जोखीम कशी घेईल आणि सौर तक्ते कोठे लावील? शिवाय त्याची मजुरी आम्ही व्यापारीच घासाघीस करून खाली आणतो. हा दोष आमचाही आहे.

एक अफवाही दूर करू. युरोपने कापडावर धुराचा कर लावला, असे बाजारात बोलले जाते. १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा जो कर लागू झाला, तो लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांवर आहे. कापड त्या यादीत नाही. घाबरू नये, पण झोपूही नये.

आता काय करावे

आम्ही चार मागवाल्यांना पेढीवर बोलावले आणि बारा महिन्यांची विजेची बिले मांडून बसलो. हिशेब सोपा आहे. समजा, महिन्याला २,००० युनिट जळले आणि १०,००० मीटर कापड निघाले, तर मीटरमागे ०.२ युनिट. चौघांचा माल एकच, पण एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच जास्त निघाला. त्याच्या मोटारी पुन्हापुन्हा वाइंडिंग केलेल्या होत्या. इतकी वर्षे तो जादा बिल भरत होता, हे त्याला त्या दिवशी कळले. दोन मोटारी बदलायला आम्ही त्याला उचल दिली. ती मजुरीतून हळूहळू वळती होईल.

कागद आम्ही भरून पाठवला. वाचकहो, आपणही येत्या महिन्यापासून विजेचे बिल फाइलला लावण्याआधी वहीत दोन आकडे उतरवावेत : युनिट किती, मीटर किती. साइजिंगवाल्यांनी आणि रंगारी बांधवांनी बॉयलरचे जळणही लिहावे. आणि मागवाल्यांच्या संघटनांनी सरकारकडे एक मागणी धरावी, की पुढच्या योजनेत भाड्याच्या गाळ्यातील मागाचाही विचार व्हावा. ती मागणी घेऊन जाताना हातात ही वही असली पाहिजे.