चिन्ह सगळ्यांचं, रेघ एकाची
दहिवलीतल्या एखाद्या बचत गटाला बोधचिन्ह हवं असेल, तर अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवावा. चित्र मात्र एकाच हाताने काढावं. उदाहरणार्थ, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी देशभरातून बोधचिन्हं मागवली गेली. निवडलं गेलं ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं: फक्त गांधीजींचा चष्मा, एका भिंगावर ‘स्वच्छ’, दुसऱ्यावर ‘भारत’. झाडू नाही, चरखा नाही. ‘एकानेच काढायचं, मग आमचा सहभाग कुठे?’ हा गटातल्यांचा आक्षेप रास्त आहे. पण काय गाळायचं हे ठरवण्यातच खरा सहभाग असतो, आणि तेच जड जातं. उल्हास नदी, भाताची लोंबी, डोंगर, जोडलेले हात असं सगळंच घातलं, तर पासबुकावरच्या रबरी शिक्क्यात शाईचा नुसता डाग उमटतो. म्हणून प्रत्येक कच्चं चित्र आधी शिक्क्याएवढं, एकाच रंगात काढून बैठकीत फिरवावं.