बंदी आली, पण धोका गेला का?

सोफ्याचा फोम किंवा टीव्हीचं प्लॅस्टिक लवकर पेटू नये म्हणून त्यात ज्वालारोधक रसायनं मिसळतात. त्यांच्याबद्दलचा सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा : जुन्यावर बंदी आली, म्हणजे त्याच्या जागी आलेलं निर्धोकच असणार.

अमेरिकेतला अनुभव पाहा. तिथे लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना ‘ट्रिस’ हे ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक लावत असत. आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी त्याने जनुकांत बदल होतात हे मांडलं आणि 1977 साली अशा कपड्यांवर बंदी आली. मग क्लोरिनयुक्त ट्रिस आलं. त्याच्याबद्दलही तीच शंका निघाली, तेव्हा कपड्यांतून ते गेलं. पण सोफ्याच्या फोममध्ये त्याला जागा मिळाली! 2004च्या अखेरीस पेंटा-बीडीई या ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकाचं उत्पादन तिथे थांबलं आणि फोममध्ये या ट्रिसचा वापर वाढला. शेवटी 2011 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याची नोंद कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत केली. ज्या मुलांच्या अंगावरून ते काढलं, त्यांच्याच बसायच्या जागेत ते इतकी वर्षं राहिलं, हे मला अक्षम्य वाटतं.

पेंटा-बीडीईची जागा घेणारं दुसरं मिश्रण म्हणजे ‘फायरमास्टर 550’. उंदरांच्या गाभण माद्यांना ते दिलं, तेव्हा पिल्लांचं वजन जास्त वाढलं आणि पिल्लांतल्या माद्या लवकर वयात आल्या. हा 2013चा अभ्यास छोटा होता, त्यावरून माणसांबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण हे मिश्रण बाजारात येऊन तोवर काही वर्षं झाली होती.

‘पर्याय म्हणून आलेली फॉस्फेट प्रकारची ज्वालारोधकं शरीरात साठत नाहीत, मग काळजी कसली?’ हे अर्धसत्य आहे. ती लघवीवाटे लवकर बाहेर पडतात हे खरं. पण रोज नव्याने आत जातात हेही खरं. बॉस्टनमध्ये टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या 211 स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांच्या लघवीत यांचे अंश जास्त होते त्यांच्यात गर्भधारणा यशस्वी होण्याचं प्रमाण कमी आढळलं. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, तरी दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

आत जातात ती कशी? रसायन फोममध्ये पक्कं बसलेलं असतं असं लोक समजतात. बहुतेकदा ते नुसतं मिसळलेलं असतं. हळूहळू सुटून धुळीत उतरतं. रांगणाऱ्या मुलाच्या हातांना ती धूळ लागते आणि मूल तेच हात तोंडात घालतं.

आणि ‘रसायन नसेल तर घर पेटेल’ ही भीती? कॅलिफोर्नियाच्या 1975च्या नियमात उघड्या फोमला 12 सेकंद ज्योत लावून चाचणी घेत. खऱ्या आगीत आधी कापड पेटतं आणि फोमपर्यंत पोचेतो ज्वाळा मोठी झालेली असते. 2013 मध्ये ती चाचणी बदलून धुमसत्या सिगारेटसारख्या धोक्यावर भर दिला गेला. ही नवी चाचणी रसायनांशिवायही पार करता येते.

भारतातल्या ई-कचऱ्याच्या 2022च्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या पीबीडीई गटातल्या ज्वालारोधकांवर वजनाच्या 0.1 टक्क्याची मर्यादा घातली आहे. पेंटा-बीडीई याच गटातलं. ट्रिस किंवा इतर फॉस्फेट प्रकारचे पर्याय मात्र त्या यादीत नाहीत, आणि हे नियम सोफा-गाद्यांसाठी नाहीतच. म्हणून फोमची गादी, सोफा घेताना ज्वालारोधक घातलं आहे का, हे दुकानदाराला विचारा. फाटलेला फोम उघडा ठेवू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि जेवणाआधी मुलांचे हात धुवा.