गिटारच्या माइकला नॉर्वेच्या दिव्यांची वीज

बहुतेक मिक्सरवर ‘+४८’ लिहिलेलं एक बटण असतं. कन्डेन्सर माइक लावला की ते दाबायचं, हे साउंडवाल्याच्या हाताखालच्या पोरालाही ठाऊक असतं. पण ४८च का? १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं ट्रान्झिस्टरचे नवे माइक नॉर्वेच्या सरकारी रेडिओला दाखवले. रेडिओवाल्यांना माइकची वीज वेगळ्या डब्यातून नको होती, आवाजाच्या केबलमधूनच हवी होती. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होतीच. मग तीच वापरली. तेव्हापासून जगभरचे प्रीअ‍ॅम्प त्या दिव्यांचा हिशेब पाळत आले आहेत. त्या पिढीतला केएम ८४ हा बोटाएवढा माइक पुढे अकूस्टिक गिटारच्या रेकॉर्डिंगचा लाडका झाला.

भोकासमोर माइक? नको!
नवखा माणूस माइक थेट गिटारच्या भोकासमोर धरतो. आवाज तिथूनच येतो, असा त्याचा समज. तिथून येते ती मुख्यतः खोक्यातली हवा. मोठ्या अंगाच्या गिटारीत ही हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते, आणि माइकमध्ये नुसता घों घों भरतो. त्यात एका दिशेनं ऐकणारा माइक जितका जवळ न्यावा तितका तो खर्ज आणखी फुगवतो. म्हणून जाणकार माइक बाराव्या पडद्याकडे, म्हणजे मान जिथे अंगाला मिळते त्या बाजूला वळवतात आणि २०-३० सेंटिमीटर लांब ठेवतात. मग तो चार बोटं इकडेतिकडे सरकवून ऐकायचा. महागड्या प्रीअ‍ॅम्पनं जेवढा फरक पडत नाही, तेवढा या फुकटच्या सरकवण्यानं पडतो.

प्रीअ‍ॅम्प करतो तरी काय?
माइकमधून निघणारा विजेचा दाब मिलिव्होल्टच्या घरातला. प्रीअ‍ॅम्पवर ६० डेसिबल गेन दिला, तर तो दाब हजारपट होतो. पण प्रीअ‍ॅम्पला गिटार कुठली आणि पंखा कुठला हे कळत नाही. वादकाचा श्वास, खुर्चीची करकर, शर्टाचं बटण खोक्याला घासल्याचा आवाज, सगळंच हजारपट. रेकॉर्डिंगच्या दिवशी अनुभवी वादक बटणं नसलेला टी-शर्ट घालून येतो, त्याचं कारण हे.

माइकची कटकट नको म्हणून पिएझो आला. ठरावीक स्फटिक दाबले की वीज देतात, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८०मध्ये दाखवलं होतं. त्याचे पिकअप गिटारीच्या घोडीखाली बसवून लोकप्रिय केले ते ओव्हेशन कंपनीनं, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. तिचा संस्थापक चार्ल्स कामान मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा! स्टेजवर पिएझो बिनघोर, शिट्टी कमी मारतो. आवाज मात्र जरा प्लास्टिकचा, आणि जोरात छेडलं की बदकासारखा ‘क्वॅक’ करतो. शांत सभागृहात एकटी गिटार असेल, तर माझं मत माइकलाच.

दोन्ही एकत्र वापरावेत, तर गणित आडवं येतं. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. पिकअपला तार छेडताक्षणी कळतं. ३० सेंटिमीटरवरच्या माइकला सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही सारख्या जोरानं मिसळले की ५७० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खाऊन टाकतात आणि गिटार पोकळ वाटू लागते. प्रीअ‍ॅम्पवर ‘फेज’चं बटण असतं ते अशा वेळी उलटून बघायला. कानाला बरं वाटेल ती बाजू खरी.

शिट्टीचा रेकॉर्ड
स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये किंवा पिकअपमध्ये शिरला की कुई, म्हणजे फीडबॅक, सुरू होते. माइक निम्म्या अंतरावर आणला की गिटार सुमारे ६ डेसिबलनं जोरात मिळते, म्हणजे तेवढा गेन उतरवता येतो. भोकाला रबराचं झाकण लावणं हा दुसरा उपाय. गिब्सननं तर १९५४च्या जे-१६०ई गिटारीला पातळ, थरथरणाऱ्या लाकडाऐवजी प्लायवूडची तबकडी लावली होती, फीडबॅक कमी व्हावा म्हणून. दैव बघा, ऑक्टोबर १९६४मध्ये जॉन लेननची हीच गिटार अ‍ॅम्पजवळ टेकलेली असताना घुमू लागली आणि बीटल्सनी तो आवाज ‘आय फील फाइन’च्या सुरुवातीलाच ठेवून दिला.

उलट टोकाला स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया. मोठ्या सभागृहातही त्याला ध्वनिवर्धक नको असे. लोकांनी शांत बसून ऐकावं, हा आग्रह. गिटारवादक जॉन विल्यम्सनं मात्र कॉन्सर्टमध्ये माइक-स्पीकर उघडपणे स्वीकारले.

माइकवरच्या रेकॉर्डिंगसाठी आपल्याकडचं नाव घ्यायचं तर विश्वमोहन भट्ट. सप्टेंबर १९९२मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान्ता बार्बराच्या एका चॅपलमध्ये त्यांची मोहनवीणा (गिटारचंच बदललेलं रूप) आणि अमेरिकन वादक राय कूडरची स्लाइड गिटार एकत्र वाजली. दोघे त्याआधी कधी भेटलेही नव्हते. ध्वनिमुद्रणाला दोनच माइक, एकमेकांना काटकोनात, इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइनच्या १९३०च्या दशकातल्या पद्धतीनं, आणि यंत्रणा व्हॉल्व्हची. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४मध्ये ग्रॅमी मिळालं. गिटारीच्या अंगातला आणि खोलीतला आवाज एकत्र कसा ऐकू येतो, हे कळायला तो अल्बम हेडफोनवर ऐकावा.

आणि एमटीव्हीचा, नावाप्रमाणे विजेच्या वाद्यांविना असलेला ‘अनप्लग्ड’? नोव्हेंबर १९९३मध्ये निर्वाना बँडच्या तिथल्या प्रसिद्ध कार्यक्रमात कर्ट कोबेनची मार्टिन डी-१८ई चक्क अ‍ॅम्पला जोडलेली होती. निर्मात्यानं तो अ‍ॅम्प मॉनिटर स्पीकर भासावा म्हणून खोट्या खोक्यामागे लपवला! हीच गिटार २०२०मध्ये लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली. ती विकत घेणारे पीटर फ्रीडमन हे ऑस्ट्रेलियातल्या रोड या माइक बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक.