डिश घेण्याआधी

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा आज उपग्रह-इंटरनेटवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. त्याला कारण आमचा एक जुना विद्यार्थी. दापोलीच्या बाजूला डोंगरउतारावर त्याने होमस्टे काढलाय. फायबरची तार गावातल्या सडकेपर्यंत आली आहे, त्याच्या वाडीपर्यंत नाही. मोबाइलला रेंज येते-जाते. पाहुणे यूपीआयने पैसे द्यायला सडकेवर चालत जातात, आणि लॅपटॉपवर काम करणारे तर दुसऱ्या दिवशी निघूनच जातात. बँकेचं कर्ज डोक्यावर. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "सर, उपग्रहाचं घेऊ का? कुठल्या कंपनीचं?"

न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितलेत. त्यांत संशय तिसरा आणि प्रयोजन चौथा. 'कुठली कंपनी' हा झाला संशय. प्रयोजन ठरल्याशिवाय तो फिटायचा नाही. म्हणून आम्ही उलट विचारलं, "तुला त्यावर करायचंय काय?"

हे विचारण्याचं कारण अंतरात आहे. जुन्या पद्धतीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे ते पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर दिसतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. संदेश वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद, उत्तराला तेवढाच. म्हणजे अर्धा सेकंद नुसत्या प्रवासातच गेला, आणि यंत्रांचा वेळ वेगळा. कितीही महागडा प्लॅन घ्या, हा अर्धा सेकंद कमी होत नाही. बुकिंगची ईमेल किंवा यूपीआय याला त्याने काही बिघडत नाही. सिनेमाही छान दिसतो. पण व्हिडिओ-मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. आमच्या विभागाच्या बैठका अशाच चालत, पण तिथे उपग्रह नव्हता!

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. हाच हिशेब तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत येतो. प्रत्यक्षात जमिनीवरची यंत्रणा धरून थोडा जास्त, पण बोलताना जाणवत नाही. मात्र हे उपग्रह सतत सरकतात, त्यामुळे डिशला एकच दिशा मोकळी असून चालत नाही. सुमारे शंभर अंशांचं उघडं आकाश लागतं. स्थिर उपग्रहाला दक्षिणेकडची एक फट पुरते. कोकणातल्या वाडीत हा फरक मोठा आहे. "मग वडिलांनी लावलेला फणस तोडायचा का?" असं त्याने विचारलंच. आधी कौलांच्या वर खांब उभारून आकाश किती दिसतं ते पाहा, म्हटलं.

आता पाऊस. या संदेशांची लहरलांबी एक ते अडीच सेंटिमीटर. मुसळधार पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखुरतात. टीव्हीची डिश पावसात जाते ती याचमुळे. म्हणजे जुलैत अधूनमधून खंड पडणार हे धरूनच चाला. विजेचंही तसंच. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची मोठी डिश ७५ वॅट घेते असं धरलं, तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. बिलापेक्षा इन्व्हर्टरची चिंता जास्त, कारण तिथे वादळात वीज जाते ती तासन्‌तास.

परवान्याचं थोडक्यात. वनवेब आणि जिओच्या उपग्रह-उपक्रमाला परवाना आधीच मिळाला होता, स्टारलिंकला जून २०२५ मध्ये. पण परवान्यानंतर स्पेक्ट्रम आणि सुरक्षा तपासणी हे टप्पे असतातच. तेव्हा आपल्या गावात सेवा प्रत्यक्ष सुरू आहे का, हे विचारल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. आणि अमेरिकेतला पुतण्या बॅगेतून डिश आणतो म्हणाला, तर त्याला नाही म्हणा. इथे विनापरवाना ती वापरणं बेकायदा आहे.

धंद्यासाठी घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: डेटा संपल्यावर वेग किती उरतो, आणि बाहेरगावाहून कॅमेरे पाहायचे असतील तर स्थिर आयपी पत्ता मिळतो का. एका उपग्रहाची क्षमता खालच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. म्हणूनच, जिथे तार पोचते तिथे आम्ही तारेलाच कौल देऊ. पुण्याच्या फ्लॅटात डिश ही निव्वळ हौस.

आमच्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवाले पाहुणे हवेत, म्हणजे स्थिर उपग्रह बाद. सडकेपासून वाडी चारशे मीटर. तेवढे खांब टाकून तार आणायला काय लागेल, याचा अंदाज त्याने मागवलाय. तोवर उंच अँटेना लावून फोर-जी राउटर चालतो का, ते बघतोय. दोन्ही फसलं तर खालच्या कक्षेचा उपग्रह, आणि सोबत मोबाइलचं सिम राखीव.