गर्भवतीच्या दातांकडे कोण पाहणार?

तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मिश्री बोटाने दात-हिरड्यांना चोळणे, हेच ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांचे दंतधावन होय. बार्शीचा परिसर त्याला अपवाद नाही. मिश्रीने दात घट्ट राहतात, ठणका थांबतो, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ही सवय गर्भारपणातही सुटत नाही. दातांची निगा म्हणून जे वापरले जाते तेच मातेच्या मुखाला आणि उदरातील अर्भकालाही बाधते, ही यातील शोकांतिका आहे.

मुंबईतील गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी आढळले; अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही त्यांच्यात अधिक होत्या. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली खरी. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे प्रबोधनच हवे.

गर्भावस्थेत संप्रेरकांच्या वाढीमुळे दातांवर साचलेल्या किटणाचा हिरड्यांवर अधिक तीव्र परिणाम होतो. त्या सुजतात, त्यांतून रक्त येते. वारंवार वांत्या होत असल्यास जठरातील आम्लाने दातांचे कवच झिजते. अशा वेळी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासाने दात घासावेत, एवढा साधा उपायही कोणी सांगत नाही. उलट, बाळ आईच्या दातांतील चुना ओढून घेते, हा समज मात्र घरोघरी पोहोचलेला असतो. तो निराधार आहे. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून येते. ते अपुरे पडल्यास हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे. पण दात जाणे हे मातृत्वाचे मोलच आहे असे मानणारी स्त्री उपचारांकडे वळत नाही, आणि वळलीच तर ‘दिवस गेले असताना दाताला हात लावू नये’ म्हणून घरचे आडवे येतात.

वस्तुतः जागा बधिर करून दात भरणे वा काढणे गर्भारपणातही सुरक्षित असते. चौथा ते सहावा महिना त्यास अधिक सोयीचा. मात्र ठणका वा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये. दंतवैद्याला गर्भारपणाची कल्पना देणे तेवढे अगत्याचे, कारण टेट्रासायक्लिनसारखी काही औषधे बाळाच्या दातांना अपायकारक ठरतात. हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते, असा दावा मात्र करू नये. अमेरिकेतील २००६ सालच्या मोठ्या चाचणीत तसे दिसले नाही. हे उपचार निर्धोक आहेत व हिरड्या सुधारतात, हे मात्र दिसले. मातेचा ठणका थांबावा, तिला नीट जेवता यावे, हे कारण काय थोडे आहे?

मग हे करायचे कोणी? त्याचे उत्तर बार्शीजवळच आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली येथेच सुरू झाली. येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात १,३१,७४६ स्त्रिया समाविष्ट होत्या, आणि तपासणीसाठी बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य आल्या. संकोचाच्या तपासणीला ज्या खेड्यांतील स्त्रिया आल्या, त्या दात दाखवायला येणार नाहीत, असे कोण म्हणेल?

गर्भवतीचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आवर्जून पाहिले जाते. तिचे तोंड उघडून पाहण्याची तत्परता क्वचितच दिसते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दरमहा ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी हिरड्यांतून रक्त येते का, दात दुखतो का, मिश्री लावतेस का, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि गरज असेल तिला दंतवैद्याकडे धाडावे. आशा कार्यकर्तीने घरी गेल्यावर सुनेबरोबर सासूशीही बोलावे. कारण मिश्रीची डबी बहुधा दोघींची एकच असते. यासाठी नवी इमारत नको, मोठा निधीही नको. हवी आहे ती गर्भवतीचे मुख हाही तिच्या देहाचाच भाग आहे, याची जाणीव.