कागदाचं टोपलं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत माळवदाखाली, उतरंडीच्या शेजारी एक टोपलं असायचं. ते बांबूचं नसे आणि पत्र्याचंही नसे. दिसायला मातीचं वाटे, पण उचललं की हाताला एकदम हलकं लागे. बाहेरून गेरूचा हात दिलेला, आतून जुन्या लुगड्याचा तुकडा चिकटवलेला. त्यात डाळ असे, कुरडया असत, लेकीच्या घरी पाठवायच्या शेवया असत. हे लगद्याचं टोपलं. घरातली रद्दी आणि मूठभर मेथ्या, एवढ्यावर ते तयार होई. विकत आणायचं असं त्यात काही नव्हतंच.

आमच्या मंठ्याकडे हे काम उन्हाळ्यातच करतात आणि त्याला कारण आहे. एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, पोरांच्या भरलेल्या वह्या मोकळ्या होतात. शेतात तूर, कापूस निघून गेलेला असतो. आणि ऊन असं असतं, की सकाळी पत्र्यावर टाकलेला पापड दुपारी उचलता यावा. कागद, वेळ आणि ऊन या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात जुळून येतात. गल्लीतल्या बायका मिळून लगदा कुटायच्या. एकीचं उखळ, दुसरीच्या मेथ्या. "खाला, तुमचा लगदा जरा घट्ट झाला बघा," असं पलीकडची मावशी सांगायची आणि खालाही मुकाट्यानं पाण्याचा हबका मारायची. त्यात कोण कोणत्या घरची, हे बघायचं कुणाला सुचत नसे.

हे टोपलं करायला अगदी सोपं आहे. आठवीतलं पोरही करील. फक्त घाई करू नये.

कागद निवडण्यापासून सुरुवात करा. वहीचा कागद चांगला, खाकी पुठ्ठा त्याहून चांगला. पुठ्ठ्यातले तंतू लांब असतात आणि लांब तंतू एकमेकांत जास्त गुंततात. वर्तमानपत्राचा कागद लवकर भिजतो, पण त्याचे तंतू आखूड, त्यामुळे नुसत्या वर्तमानपत्राचं टोपलं काठाला तुटतं. निम्मं वर्तमानपत्र आणि निम्म्या वह्या, असा मेळ घालावा. (हे भाषण ज्या पुरवणीत छापून येईल तिचंही पुढच्या उन्हाळ्यात टोपलं करायला माझी हरकत नाही.) चकचकीत कागद मात्र नको. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, कधी प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो कितीही कुटला तरी एकजीव होत नाही. म्हणून दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बाजूला काढा. आतली कवितांची पानं चालतात, ती छान भिजतात. एटीएमच्या चिठ्ठ्या आणि एस.टी.च्या मशीनमधून निघणारी तिकिटं अजिबात घालू नका. त्या कागदाला शाई लागत नाही, तो उष्णतेनं काळा होतो आणि त्यासाठी त्यावर रसायनाचा थर दिलेला असतो. घरातल्या भांड्यात तो नको. वह्यांच्या पिना आठवणीनं काढा, नाहीतर कुटताना हाताला लागतात आणि पुढे टोपल्यावर गंजाचे डाग उमटतात.

एक किलो कागद घेतला तर मध्यम आकाराचं टोपलं होतं. कागदाचे बोटभर तुकडे करून बादलीत भिजत घाला. तीन-चार दिवस भिजू द्या, पुठ्ठा असेल तर आठवडाभर. पाणी रोज बदला. नाही बदललं तर ते आंबतं, वास सुटतो आणि शेजारी विचारायला येतात. कागद बोटांत चुरगाळला की विरघळतोय असं वाटलं, म्हणजे पाणी पिळून तो उखळात कुटायला घ्यावा. उखळ आता कुणाच्या घरी राहिलंय? पाट्यावर वाटला तरी चालतो. मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडा थोडा फिरवला तर काम लवकर होतं, पण जास्त फिरवू नका. पातं तंतू कापतं, मुसळ तंतू फुलवतं. मुसळाच्या लगद्याचं टोपलं जास्त टिकतं ते यामुळे.

आता मेथ्या. किलोभर कागदाला साधारण पाव किलो. रात्रभर भिजवून सकाळी बारीक वाटायच्या. वाटताना त्याला सुटणारा चिकटपणा तुम्ही मेथीचे लाडू करताना पाहिलाच असेल. तो मेथीच्या दाण्यातला डिंकच आहे. हे वाटण लगद्यात घालून कणकेसारखं मळायचं. मेथीच्या कडूपणामुळे टोपल्याला कीड लागत नाही, असा जुन्या बायकांचा अनुभव आहे. मेथ्या महाग वाटल्या तर चिंचोके आहेत. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचं आणि पाण्यात शिजवून खळ करायची. घोंगडीला ताठपणा आणायला धनगर हीच खळ वापरतात. चिंचेची झाडं आमच्याकडे बांधाबांधावर आहेत, म्हणजे हा डिंक फुकटचा. कीड लागू नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. धान्याच्या भांड्यात ते घालू नये.

काहीजणी मुलतानी माती किंवा शाडूही मिसळतात. त्यानं टोपलं गुळगुळीत होतं, पण जड होतं आणि पडलं तर टवका उडतो. एखादी मूठ ठीक, त्याहून जास्त नको.

साच्यासाठी घरातलं घमेलं किंवा तोंडाकडे रुंद होत जाणारं पातेलं घ्या. ते पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरा, फडक्यावर चुलीची राख भुरभुरा. मग लगद्याचे गोळे थापत थापत बुडापासून काठाकडे या. थर अर्ध्या बोटाच्या जाडीचा असावा, बुडाला थोडा जास्त. काठावर लगद्याची वळी करून बसवली की कड मजबूत होते. घागरीसारखं मान असलेलं भांडं साचा म्हणून घेऊ नका. लगदा वाळताना आकसतो आणि भांड्याला घट्ट धरून बसतो, मग एकतर टोपलं फोडावं लागतं नाहीतर घागर. ज्यांना ही धास्ती वाटते त्यांनी भांड्याच्या आतून लगदा थापावा. तिथं तो आकसला की आपोआप भांडं सोडतो.

पहिला दिवस सावलीत ठेवा. लोभानं थेट उन्हात ठेवलं की वरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच राहतो, आणि भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी हाताला थोडं ओलसर लागत असतानाच साच्यावरून सोडवा, मग दोन-तीन दिवस खडखडीत ऊन द्या. टिचकी मारल्यावर टणक आवाज आला की वाळलं. भेग पडलीच तर घाबरू नका. तेवढी जागा ओली करून पातळ लगदा भरा, बोटानं घासा, पुन्हा वाळवा. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नये, बुरशी येते.

नुसत्या भिजवून वाळवलेल्या कागदात एवढी ताकद येते कुठून? कागद म्हणजे लाकूड, बांबू, कापूस यांच्यातल्या बारीक तंतूंचं जाळं. पाण्यात हे तंतू फुगून सुटे होतात. पाणी उडून जाऊ लागलं की ते जवळ सरकतात आणि एकमेकांना चिकटतात. तसं म्हटलं तर कागद बनवण्याची सगळी कला एवढीच आहे. चीनमध्ये इसवी सन १०५च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्यानं झाडाची साल, चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी कुटून कागद केल्याची नोंद आहे. तिथून ही विद्या मध्य आशियातून फिरत आपल्याकडे आली. फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादला जाताना दौलताबादच्या पुढे कागजीपुरा नावाचं गाव लागतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासूनची आपली परंपरा असल्याचं तिथले कारागीर सांगतात. चिंध्यांचा लगदा करून तो चौकटीवर उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. जुन्या दप्तरांत दौलताबादी कागदाचं नाव येतं, तसंच जुन्नरीचंही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्याचं नावही या कारागिरांवरूनच पडलं. काश्मीरमध्ये याच लगद्याच्या पेट्या आणि कलमदान होतात. तिथं घडवणारा सख्तासाज वेगळा आणि रंगवणारा नक्काश वेगळा. आमच्याकडच्या बाईला ही दोन्ही कामं एकटीलाच करावी लागतात, आणि तिला कुणी कारागीर म्हणत नाही.

रंगवण्याचं थोडक्यात सांगतो. वाळलेल्या टोपल्याला आतून-बाहेरून खळीनं जुन्या सुती कापडाचे तुकडे चिकटवा, किंवा कोरा कागद लावा. त्यावर गेरू, चुना, नीळ, जे असेल ते. रंगात थोडी खळ किंवा डिंक मिसळला तर हाताला रंग लागत नाही.

वापराबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्वी या टोपल्यात गरम भाकरी ठेवत. आज ठेवू नये. छपाईच्या शाईतले घटक पोटात जाणं चांगलं नाही. म्हणूनच खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्याला आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी २०१९ पासून बंदी आहे. लगद्यात शाई तीच असते. म्हणून टोपल्याच्या आत स्वच्छ कापड अंथरा आणि त्यात सोललेला लसूण, लाह्या असलं काही ठेवू नका. शेंगा, कांदे, सुतळी, लोकर, शिवणाचं सामान, पोरांची खेळणी यांना ते उत्तम.

आता त्या कामाबद्दल, जे खरं तर कागद भिजत घालण्याच्याही आधीचं आहे.

बादलीत टाकण्याआधी प्रत्येक कागद बघा. नुसता बघू नका, उलटून बघा. आमच्या घरात याची एक रीत होती. उर्दू छपाईचा कागद असेल आणि त्यावर अल्लाचं नाव किंवा आयत असेल, तर तो लगद्यात जात नसे. तो कापडात गुंडाळून स्वच्छ जागी पुरत किंवा वाहत्या पाण्यात सोडत. शेजारच्या घरात पोथीच्या पानांना हाच मान होता. पण याच घरांतून खरेदीखत, पावती, पत्र, जन्माची नोंद असले कागद सरळ उखळात गेले. कारण ते देवाचे नव्हते आणि कुणाला वाचता येत नव्हते.

वाचता न येण्याचं कारण आपल्या इतिहासात आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी दप्तर उर्दूत. सावकाराची, कुलकर्ण्याची बाडं बऱ्याचदा मोडीत. राज्य बदललं, शाळेची भाषा बदलली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे कागद नातवाला परके झाले. अक्षर ओळखीचं नसलं की कागद रद्दी ठरतो. आमच्या भागाचं तर जिल्ह्याचं ठिकाणही बदललं. परतूरकडचा हा पट्टा १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होता. म्हणजे कागद एका ठिकाणी आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी.

त्या रद्दीची किंमत २०२३ साली सगळ्यांना कळली. आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकाळातले कागद कुठे आहेत, ते वाचणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. त्या वादात कुणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. पण पेट्या उघडणारे लोक मी पाहिले. काहींच्या पेटीत बाड होतं, काहींच्या पेटीत त्या बाडाचं सुती बासन तेवढं होतं. जमिनीच्या भांडणात १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक आजही मागतात. घरची जुनी नक्कल सापडली तर कचेरीतले कितीतरी हेलपाटे वाचतात.

तेव्हा हाताचा कागद जाड, पिवळा, एका बाजूनं घोटल्यासारखा गुळगुळीत लागला, त्यावर गोल मोहोर किंवा स्टॅम्प दिसला, किंवा ओळ उजवीकडून सुरू होताना दिसली, तर तो बाजूला ठेवा. अक्षरांच्या डोक्यावरून एकच लांब रेघ ओढून खाली सगळी वळणंच वळणं दिसली, तर ती मोडी. मुद्रांकाचा कागद, जुनी सातबाराची नक्कल, शाळेचा दाखला, पोस्टकार्डं, सगळं बाजूला. संशय आला तरी बाजूला. एवढे कागद वगळले म्हणून टोपलं लहान होत नाही.

बाजूला काढलेल्या कागदांना लॅमिनेशन करू नका. एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद पुन्हा सुखरूप बाहेर काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन जाते. घड्या हलक्या हातानं उलगडा, मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, धुतलेल्या सुती कापडात सपाट बांधा आणि ओल येणार नाही अशा जागी ठेवा. जुने लोक दप्तर कापडात बांधत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. वाचून घ्यायचं असेल तर उर्दूसाठी गावातल्या एखाद्या जुन्या उर्दू शिक्षकाला विचारा. मोडीसाठी पुराभिलेख विभागाकडे चौकशी करता येते, त्यांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मूळ कागद मात्र कुणाच्या हाती सोडून येऊ नका, फोटो दाखवा.

आणि ते बांधलेलं गाठोडं ठेवायला कोरडी, हलकी, झाकण असलेली वस्तू हवी असेल, तर उरलेल्या लगद्याचं झाकणही थापा. टोपल्याच्या तोंडाच्या मापाची परात पालथी घाला, लगदा तिच्या कडेबाहेर दोन बोटं जाऊ द्या. वाळताना ते आकसेल, म्हणून माप थोडं मोठंच धरा.