डाळीची पिशवी, चिवड्याचं पाकीट आणि ईपीआर: वऱ्हाडातल्या उद्योगांनी नेमकं काय करायचं?

अकोल्याच्या एमआयडीसीतली डाळ मिल असो की अमरावतीतला फरसाणचा कारखाना, माल मोठ्या शहरातल्या मॉलला किंवा ऑनलाइन विकायला निघालात की खरेदी विभागाकडून एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा ईपीआर नोंदणी क्रमांक कळवा." मग सीएला फोन, पिशवी छापून देणाऱ्याला फोन, आणि तेवढ्यात कोणीतरी एजंट भेटतो, "सगळं करून देतो भाऊ, तुम्ही फक्त सही करा" म्हणणारा. गंमत अशी की यातल्या बऱ्याच जणांना ही नोंदणी लागतच नाही. आणि ज्यांना खरोखर लागते, त्यातल्या काहींना त्याचा पत्ताच नसतो.

ईपीआर म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. नाव जड आहे, कल्पना साधी आहे. तुम्ही जेवढं प्लास्टिक पॅकेजिंग बाजारात सोडलं, तेवढ्याची नंतरची विल्हेवाट तुमच्या माथी. तुमचीच पिशवी शोधून आणायची नाही, पण तेवढ्याच वजनाचं, त्याच वर्गातलं प्लास्टिक गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाली हे दाखवायचं. केंद्राच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये ही तरतूद आधीपासून होती, पण कोणी, किती, कधीपर्यंत याचे आकडे आले ते १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीत.

तुम्ही यात बसता का?

नियमात तीन मंडळी आहेत: प्लास्टिक पॅकेजिंग बनवणारा उत्पादक, आयातदार आणि ब्रँड ओनर. तुम्ही तूरडाळ स्वतःच्या छापाखाली विकत असाल तर तुम्ही ब्रँड ओनर. पण ब्रँड ओनरमधून सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळले आहेत. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या व्याख्येनुसार लघु उद्योगाची मर्यादा अशी: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १०० कोटींपर्यंत. दोन्हींपैकी एक जरी ओलांडली तरी तुम्ही मध्यम उद्योगात गेलात आणि सवलत संपली.

डाळ मिलवाल्यांनी इथे जरा थांबावं. डाळीच्या धंद्यात यंत्रं कमी पैशांची आणि माल महागाचा. तूरडाळ १०० रुपये किलो धरली तर १०० कोटी म्हणजे १०,००० टन. वर्षाचे ३०० दिवस मिल चालली तर रोजचे जेमतेम ३३ टन. भाव दीडपट झाला तर हीच मर्यादा रोजच्या २२ टनांवर ओलांडली जाते. म्हणजे मिल तीच, मजूर तेच, पिशव्या उलट कमी, तरी निव्वळ तुरीच्या तेजीमुळे तुम्ही नियमाच्या कक्षेत येऊ शकता. त्यामुळे दरवर्षी मार्च संपला की उलाढालीचा आकडा बघून आपलं उद्यम वर्गीकरण तपासून घ्या. एकदा काढलेलं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून विसरून जायची ही गोष्ट नाही.

दुसरी अडचण आयातीची. वऱ्हाडातल्या मिलमध्ये म्यानमारची, आफ्रिकेतली तूरही भरडली जाते. ती मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतली तर प्रश्न त्याचा. पण आयात तुमच्या नावावर असेल, तर त्या तुरीसोबत आलेल्या पीपीच्या कट्ट्यांचे तुम्ही आयातदार झालात. सूक्ष्म-लघूची सवलत नियमात ब्रँड ओनरच्या कलमात लिहिलेली आहे, आयातदाराच्या नाही.

मग छोट्या मिलची जबाबदारी जाते कुठे? हवेत विरत नाही. ती पिशवी बनवणाऱ्याकडे राहते. त्याचं उद्दिष्ट काढताना तो मोठ्या ब्रँड ओनरना दिलेला माल वजा करू शकतो, तुम्हाला दिलेला माल नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर पिशवीवालाही सूक्ष्म किंवा लघु असेल तर जबाबदारी आणखी एक पायरी वर, प्लास्टिकचा दाणा पुरवणाऱ्यापर्यंत सरकते. पिशवीवाला तुमचं उद्यम प्रमाणपत्र मागतो ते याच हिशेबासाठी. आणि हो, हा खर्च तो पिशवीच्या भावात धरणारच.

एकाच दुकानात दोन कायदे

सगळ्यात जास्त दंड ज्या गैरसमजातून भरले जातात, तो हा. केंद्राच्या नियमात कॅरीबॅग १२० मायक्रॉनची असली की चालते. ३१ डिसेंबर २०२२ पासून ती मर्यादा आहे. पण महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवरच बंदी घातली, जाडी कितीही असो. त्यामुळे "१२० मायक्रॉनची आहे साहेब, वर छापलंय बघा" हे उत्तर अमरावतीच्या जवाहर रोडवर कामाचं नाही. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व ३ महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

मग डाळीची पिशवी कशी चालते? कारण ती कॅरीबॅग नाही. माल आधीच भरून सीलबंद केलेली पिशवी ही पॅकेजिंगचा भाग मानली जाते; गिऱ्हाईक आल्यावर ज्यात सुटा माल टाकून हातात देतो ती कॅरीबॅग. एक किलो चिवडा कारखान्यात भरून सील केला तर एक नियम, आणि तोच चिवडा काउंटरवर पातळ पिशवीत तोलून दिला तर दुसरा. न विणलेल्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या बरेच जण कापडी समजून घेतात. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात आणि त्यांनाही किमान ६० जीएसएमची अट आहे. आणि फरसाण वर्तमानपत्रात गुंडाळून देणं हा पर्याय नव्हे. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी त्याला मनाई केली आहे, कारण शाई तेलात उतरते.

पिशवीच्या आत काय आहे?

आता तंत्रज्ञानाकडे वळू. नियमाने प्लास्टिक पॅकेजिंगचे वर्ग पाडले आहेत. बाटल्या, बरण्या, क्रेट असलं कडक प्लास्टिक पहिल्या वर्गात. पिशव्या, पाऊच, शीट दुसऱ्या वर्गात, मग थर एक असो की अनेक, सगळे थर प्लास्टिकचे हवेत. प्लास्टिकला कागद किंवा ॲल्युमिनियम फॉइलसारखा दुसऱ्या पदार्थाचा थर जोडला की तिसरा वर्ग. कंपोस्टेबल प्लास्टिक चौथ्यात. नंतर बायोडिग्रेडेबलसाठी वेगळा वर्ग जोडला गेला.

डाळीचं चकचकीत पाऊच हातात घ्या. बाहेरचा पातळ थर बहुधा पॉलिस्टरचा म्हणजे पीईटीचा असतो, त्यावर छपाई. आतला जाड थर पॉलिथिनचा, तो वितळून सील होतो. कायद्याच्या लेखी दोन्ही प्लास्टिक, म्हणून वर्ग दुसरा. पण पुनर्वापर करणाऱ्याच्या लेखी ही डोकेदुखी. पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पीईटी २५० अंशांच्या. दोन्ही एकत्र वितळवून चांगला दाणा निघत नाही आणि थर सोडवणं परवडत नाही. त्यामुळे असलं पाऊच बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीतच संपतं.

यावरचा उपाय म्हणजे सगळे थर एकाच जातीचे करणं. पॉलिथिनची फिल्म एका दिशेला ताणली की ती ताठ होते आणि तिच्यावर पीईटीसारखी स्वच्छ छपाई करता येते. आत पॉलिथिन, बाहेर हे ताणलेलं पॉलिथिन, म्हणजे अख्खं पाऊच एका जातीचं. डाळीला मुख्य भीती ओलाव्याची. ओलावा अडवायला पॉलिथिन चांगलं. म्हणून डाळ मिलला हा बदल तुलनेनं सोपा आहे.

खोट एवढीच की पीईटीचा बाहेरचा थर सीलिंगच्या जबड्याची उष्णता सहन करतो, पॉलिथिनचा करत नाही. तापमान थोडं वर गेलं की बाहेरचा थर चिकटतो, थोडं खाली आलं की सील कच्चं राहतं. जुन्या पॅकिंग मशीनवर वेग कमी करावा लागतो, तापमान नियंत्रण सुधारावं लागतं. म्हणून पाच टन फिल्मची ऑर्डर देण्याआधी एक-दोन रोल मागवा, आपल्याच मशीनवर चालवा, भरलेली पाकिटं उंचीवरून टाकून बघा.

चिवडा-शेवेचं गणित वेगळं. तळलेल्या मालाचा शत्रू ऑक्सिजन. तेल खवट होतं. पॉलिथिन ओलावा अडवतं पण ऑक्सिजन बराचसा जाऊ देतं. म्हणून फॉइल किंवा चंदेरी मुलामा दिलेली फिल्म वापरतात आणि आत नायट्रोजन भरतात. इथेही ऑक्सिजन अडवणारा एक अगदी पातळ थर मधे घालून जवळजवळ एकजातीय पाऊच करता येतं, पण भाव जास्त पडतो. माल पंधरा दिवसांत स्थानिक बाजारातच खपत असेल तर सहा महिने टिकणारं पाकीट मुळात घ्यायचं कशाला, हा प्रश्न आधी विचारा. बऱ्याच कारखान्यांत पाकिटाचा दर्जा मालाच्या गरजेवरून नाही, शेजाऱ्याच्या पाकिटावरून ठरतो.

कागदी पाऊचबद्दल सावध राहा. बाहेरून खाकी कागद, आतून प्लास्टिकचा थर असेल तर ते तिसऱ्या वर्गात गेलं. दिसायला पर्यावरणपूरक, हिशेबाला अधिक अवघड. कंपोस्टेबलचंही तसंच. आयएस/आयएसओ १७०८८ मानकाची आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची खात्री केल्याशिवाय ते घेऊ नये. शिवाय ही चाचणी साधारण ५८ अंश तापमानाच्या, ओलसर, जिवाणूंनी भरलेल्या औद्योगिक कंपोस्टमध्ये होते. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन कितीही भाजून काढत असलं तरी नालीत पडलेल्या पिशवीचं त्या उन्हानं खत होत नाही.

नोंदणी आणि हिशेब

समजा तुम्ही मध्यम उद्योग आहात. माल एक किंवा दोन राज्यांत विकत असाल तर नोंदणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. दोनपेक्षा जास्त राज्यांत विकत असाल तर केंद्रीय मंडळाकडे. दोन्हींचं पोर्टल एकच, ऑनलाइन.

धरा, वर्षाला ५० लाख एक किलोची पाऊच जातात आणि रिकामं पाऊच ८ ग्रॅमचं आहे. झाले ४० टन. या सगळ्या ४० टनांची जबाबदारी तुमची. त्यातला किमान ठरावीक भाग खऱ्या अर्थानं पुनर्वापरात गेला पाहिजे: दुसऱ्या वर्गासाठी २०२५-२६ मध्ये ४० टक्के, २०२६-२७ मध्ये ५० आणि २०२७-२८ मध्ये ६०. म्हणजे १६, २० आणि २४ टन. उरलेलं रस्ते, सिमेंट भट्टी, वीजनिर्मिती असल्या मार्गांनी जाऊ शकतं. पाऊचचं वजन ८ वरून ७ ग्रॅमवर आणलं तर थेट ५ टनांचा बोजा कमी होतो. प्रमाणपत्रं विकत घेण्याआधी करायचं काम हेच.

तुम्ही स्वतः कचरा गोळा करत नसाल तर नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून पोर्टलवर प्रमाणपत्रं घेता येतात. इथे स्वस्ताच्या मागे लागू नका. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत गुजरात, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या प्रक्रियादारांकडची सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं उघडकीस आली. प्रक्रियादाराची क्षमता किती, वीजबिल किती, माल कोणाला विकला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्याची जागा एकदा डोळ्यांनी बघून या. उद्दिष्ट चुकलं तर पर्यावरण भरपाई भरावी लागते आणि ती भरली म्हणून जबाबदारी सुटत नाही. एका वर्षात कमतरता भरून काढली तर ७५ टक्के रक्कम परत मिळते, दोन वर्षांत ६०, तीन वर्षांत ४०. पुढे काही नाही.

पिशवीवाल्याकडून आजपासून प्रत्येक बिलावर चार गोष्टी लिहून मागा: थरांची रचना, जाडी, एका नगाचं वजन आणि त्याचा नोंदणी क्रमांक. या चार ओळी नसल्या की वर्षाअखेर गोदामात तराजू घेऊन बसायची वेळ येते. पाकिटावरची सक्तीची माहिती १ जुलै २०२५ पासून बारकोड किंवा क्यूआर कोडमधूनही देता येते, त्यामुळे पुढचा छपाईचा सिलिंडर करताना तेवढी जागा ठेवून घ्या.

कापसाला हे आधीच कळलंय

वऱ्हाडात पॅकेजिंगच्या प्लास्टिकनं धंद्याचं नुकसान होतं हे जिनिंगवाल्यांना सांगावं लागत नाही. वेचणीचा कापूस खताच्या रिकाम्या पीपी कट्ट्यात भरला की उन्हानं ठिसूळ झालेले त्याचे धागे कापसात मिसळतात. पांढरा धागा पांढऱ्या कापसात दिसत नाही. दिसतो तो कापड रंगवल्यावर, कारण पॉलिप्रॉपिलीन रंग धरत नाही. म्हणून १७० किलोची गाठ सुती कापडातच गुंडाळायचा आग्रह असतो. कस्तुरी कॉटन भारत योजनेत गाठीवरच्या क्यूआर कोडवरून ती कोणत्या जिनिंगची हे ब्लॉकचेनवरच्या नोंदीत सापडतं. नांदगाव पेठला पीएम मित्र पार्क उभं राहतंय, तेव्हा ही मागणी वाढेलच. वेचणीसाठी सुती झोळ्या शिवून द्यायचं काम गावातल्या बचत गटांना देता येईल, आणि त्याला कुठल्याही पोर्टलवर नोंदणी लागत नाही.